दाणा आणि फोलपट

१८९९-१९०० च्या हिवाळ्यात बर्लिन विद्यापीठात एक व्याख्यानमाला झाली. वक्ते होते आडोल्फ हार्नाक. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांवर त्यांच्या इतका अधिकार असलेला माणूस त्या काळी युरोपात शोधून सापडला नसता. समोर सुमारे सहाशे विद्यार्थी बसत, तेही केवळ धर्मशास्त्राचे नव्हेत तर सगळ्या विद्याशाखांचे. प्रश्न एकच होता : ख्रिस्ती धर्म म्हणजे नेमके काय? लिहून आणलेला मजकूर वाचून न दाखवता हार्नाक सोळा व्याख्याने बोलले. वाल्टर बेकर नावाच्या विद्यार्थ्याने ती लघुलिपीत उतरवून घेतली, म्हणून ती टिकली. १९०० साली त्यांचे पुस्तक झाले : ‘डास वेझन डेस क्रिस्टेन्टुम्स’, म्हणजे ‘ख्रिस्ती धर्माचे सार’. पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर आले आणि नंतर अनेक भाषांत ते गेले.

हे पुस्तक आजही वाचावे असे मला मनापासून वाटते. त्यातले सगळे निष्कर्ष टिकले आहेत असे नाही. काही तर त्यांच्या हयातीतच कोसळले. तरी एका प्रचंड विद्वान माणसाने आपल्या विद्येतून काय निवडले आणि का निवडले, हे त्याने तरुणांपुढे सोप्या भाषेत उघड करून सांगितले, ही गोष्ट दुर्मीळ आहे. त्या उघडपणातच या पुस्तकाचा रस आहे.

हार्नाक यांचा जन्म ७ मे १८५१ रोजी दोर्पात येथे झाला. आजच्या एस्टोनियातले हे तार्तू शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, पण तिथले विद्यापीठ जर्मन भाषेत चाले. वडील थिओडोसियस हार्नाक हे कडव्या लुथरन निष्ठेचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक. आडोल्फ यांचा जुळा भाऊ आक्सेल पुढे गणितज्ञ झाला. गणितातली ‘हार्नाकची असमानता’ त्याच्याच नावाची. आडोल्फ यांनी दोर्पातला विद्यार्थी असताना मार्सियन या दुसऱ्या शतकातल्या बंडखोर ख्रिस्ती विचारवंतावर निबंध लिहून बक्षीस मिळवले. हा मार्सियन त्यांना जन्मभर सोडणार नव्हता. मग लाइपझिग, तिथून १८७९ मध्ये गीसन, १८८६ मध्ये मारबुर्ग आणि १८८८ मध्ये बर्लिन असा प्राध्यापकीचा प्रवास झाला.

बर्लिनची नेमणूक सरळ झाली नाही. प्रशियाच्या प्रोटेस्टंट धर्मसभेच्या वरिष्ठ मंडळाने तिला विरोध केला. नव्या करारातल्या काही ग्रंथांचे परंपरेने सांगितलेले कर्तृत्व, चमत्कार, बाप्तिस्म्याची स्थापना याविषयी हार्नाक यांनी घेतलेल्या शंका मंडळाला खपण्यासारख्या नव्हत्या. बिस्मार्कचे सरकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरुण सम्राट दुसरा विल्हेल्म याने मंजुरी दिली आणि हार्नाक बर्लिनला आले. सरकारने त्यांना आसन दिले, पण धर्मसभेने विश्वास कधीच दिला नाही. शेकडो पाद्री त्यांच्या वर्गातून घडले. त्यांच्या परीक्षा घेण्याचा अधिकार मात्र धर्मसभेने हार्नाक यांना दिला नाही. हा सल त्यांना कायम राहिला.

विरोधाचे मूळ त्यांच्या मोठ्या ग्रंथात होते. धर्मसिद्धान्तांच्या इतिहासाचे त्यांचे तीन खंड १८८६ ते १८९० या काळात प्रसिद्ध झाले. त्यांतले मुख्य म्हणणे असे : येशूचे शुभवर्तमान गालिलीच्या मातीत उमलले, ख्रिस्ताच्या दोन स्वभावांविषयीचे आणि त्रैक्याविषयीचे सिद्धान्त पुढे त्या मातीवर ग्रीक बुद्धीने उभे केले. म्हणजे सिद्धान्तांना जन्म आहे आणि वाढ आहे. ज्याला इतिहास आहे त्याची चिकित्सा करता येते आणि वेळ आली तर त्याच्यापासून मोकळेही होता येते. वडिलांना हे मुळीच मान्य झाले नाही. त्यांच्या दृष्टीने पुत्र श्रद्धेच्या वाटेवरून उतरला होता. १८९२ मध्ये आणखी एक वादळ उठले. वुर्टेम्बर्गमधल्या एका पाद्र्याने बाप्तिस्म्याच्या वेळी ‘प्रेषितांचा विश्वासांगीकार’ म्हणण्यास नकार दिला आणि त्याला पदावरून काढण्यात आले. तो अंगीकार हटवावा अशी मागणी करावी का, असे विद्यार्थ्यांनी हार्नाक यांना विचारले. तशी मागणी करू नका, असे त्यांनी सांगितले; पण कुमारीजन्मासारख्या कलमांवर सुजाण ख्रिस्ती माणूस अडखळला तर त्याला दोष देता येणार नाही, हेही सांगितले. त्यावर देशभर रान उठले.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून सोळा व्याख्याने वाचली की त्यांतला धीर कळतो. या माणसाला गप्प बसणे सोयीचे होते. मोठमोठ्या ग्रंथांच्या तळटीपांत त्याला सुखाने राहता आले असते. त्याऐवजी तो सहाशे तरुणांपुढे उभा राहिला.

पहिल्या व्याख्यानात ते जॉन स्टुअर्ट मिल यांचे सॉक्रेटिसाविषयीचे मत आठवतात. सॉक्रेटिस नावाचा माणूस होऊन गेला याची आठवण जगाला पुन्हा पुन्हा दिली पाहिजे, असे मिल म्हणत. हार्नाक त्याला मान डोलावतात आणि म्हणतात, येशू नावाचा माणूस आपल्यात उभा होता याची आठवण त्याहून महत्त्वाची. सुरुवात सिद्धान्तापासून नाही आणि धर्मसभेपासूनही नाही. सुरुवात एका माणसापासून आहे. मग ते आपली साधने मांडतात. योहानाचे शुभवर्तमान येशूच्या चरित्राचे ऐतिहासिक साधन म्हणून ते बाजूला ठेवतात आणि मत्तय, मार्क व लूक यांवर भिस्त ठेवतात. यांतूनही येशूचे सलग चरित्र लिहिता येणार नाही, हे ते लपवत नाहीत. पण त्याने काय शिकवले, त्याच्या आयुष्याची दिशा काय होती आणि शिष्यांवर त्याचा ठसा कसा उमटला, एवढे या साधनांतून स्पष्ट दिसते आणि तेवढे पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

चमत्कारांविषयीचा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. विज्ञान शिकणारे विद्यार्थी समोर बसले होते, तेव्हा हा प्रश्न टाळून भागणार नव्हते. हार्नाक चमत्कारकथांचे पाच गट पाडतात. काही कथा म्हणजे मनावर खोल ठसलेल्या साध्या घटनांची वाढलेली रूपे. काही बोधवचनांतून, दाखल्यांतून किंवा अंतरीच्या अनुभवांतून घडलेल्या. काही जुन्या करारातली भाकिते खरी झाली असे दाखवण्याच्या ओढीतून आलेल्या. काही येशूच्या आत्मबळाने खरोखर बरे झालेल्या माणसांच्या. आणि पाचवा गट ज्यांचे रहस्य आपल्याला उलगडत नाही अशा कथांचा. शब्दाने वादळ शांत झाले यावर आमचा विश्वास नाही, असे ते स्पष्ट सांगतात. पण लंगडे चालू लागले, आंधळे पाहू लागले, या कथा केवळ भ्रम म्हणून झटकून टाकायलाही ते तयार नाहीत. सरसकट ‘सगळे खरे’ किंवा ‘सगळे खोटे’ म्हणणे सोपे होते. त्यांनी वर्गवारी केली आणि शेवटी एक कप्पा रिकामा ठेवला. इतिहासकाराची नम्रता कशी असते हे या एका कप्प्यात दिसते. चमत्कारांपाशी थबकू नका, पुढे या, असे ते श्रोत्यांना सांगतात, कारण मुख्य गोष्ट अजून यायची आहे.

मुख्य गोष्ट म्हणजे येशूच्या शिकवणीचे तीन धागे : देवाचे राज्य आणि त्याचे येणे, देव पिता आहे आणि माणसाच्या आत्म्याचे मोल अपार आहे, वरच्या पातळीचे नीतिमत्त्व आणि प्रीतीची आज्ञा. यातला प्रत्येक धागा असा आहे की त्यात संपूर्ण शिकवण सामावते, असे ते म्हणतात. दुसऱ्या धाग्यावर त्यांचे मन विशेष रमते. तिथे ते चार वचने समोर ठेवतात आणि त्यांत बाजारात क्षुल्लक किमतीला विकल्या जाणाऱ्या चिमण्यांचे वचन आहे. त्या चिमणीचीही देवाला खबर असते आणि माणसाच्या डोक्यावरचे केस त्याने मोजलेले असतात. बाकीची तीन म्हणजे प्रभूची प्रार्थना, जग मिळवून जीव गमावण्याविषयीचे वचन आणि भुते वश झाली म्हणून हरखून जाऊ नका हा शिष्यांना दिलेला इशारा. ही चार वचने शेजारी शेजारी ठेवली की त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध आपोआप उजळतो. स्वर्ग-पृथ्वीच्या धन्याला जो ‘माझ्या बापा’ अशी हाक मारू शकतो, तो सगळ्या विश्वाच्या घडणीहून मोलाचा ठरतो. दुर्बळाला, पापी समजल्या गेलेल्याला, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्याला मोल येते ते इथून. मोठ्या ग्रंथांतले हार्नाक पुराव्यावर पुरावा रचतात. इथले हार्नाक चार वचने ठेवून बाजूला होतात. जाणकाराच्या हाताला ही किमया साधते, कारण काय वगळायचे हे त्याला ठाऊक असते.

याच भागात ते वाक्य येते ज्यावर सगळ्यांत जास्त वाद झाला. येशूने जे शुभवर्तमान सांगितले त्यात जागा पित्याची आहे, पुत्राची नाही, असा त्याचा आशय. येशूने स्वतःविषयी सिद्धान्त मांडला नाही, त्याने पित्याकडे बोट दाखवले. पण हार्नाक येशूला केवळ एक शिक्षक ठरवून थांबत नाहीत. ज्याच्या जगण्यातून ते शुभवर्तमान प्रत्यक्ष झाले तो येशू, असे ते म्हणतात. पुनरुत्थानाविषयीही त्यांनी असाच भेद केला : रिकाम्या थडग्याची आणि दर्शनांची वार्ता एकीकडे, मृत्यूवर जीवनाचा जय झाला ही श्रद्धा दुसरीकडे. श्रद्धेला त्या वार्तेच्या तपशिलांवर अवलंबून राहावे लागू नये, अशी त्यांची धडपड होती.

उत्तरार्धातली आठ व्याख्याने हे शुभवर्तमान इतिहासात कसकसे वागले ते सांगतात. पौल, ग्रीक जगात गेलेली धर्मसभा, पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स परंपरा, रोमन कॅथलिक परंपरा, आणि मग प्रोटेस्टंट सुधारणा. इथे इतिहासकाराचा आवाका दिसतो. पूर्वेकडच्या धर्मसभेवर ते कर्मकांडाचा कडक आरोप करतात. रोमची धर्मसभा कोसळलेल्या रोमन साम्राज्याच्या जागी उभी राहिली आणि त्या साम्राज्याची राज्यपद्धती तिने उचलली, असे म्हणतात. तरीही कॅथलिक परंपरेने घडवलेल्या संतांपुढे आणि ऑगस्टिनने तिला दिलेल्या अंतर्मुख भक्तीपुढे ते मनापासून नमतात. लुथरचा गौरव करतानाही, त्याने जुन्या सिद्धान्तांना हात लावला नाही हे नोंदवायला विसरत नाहीत.

या सगळ्या मांडणीच्या मुळाशी दाणा आणि फोलपट ही हार्नाक यांची प्रतिमा आहे. काळाने घातलेले फोलपट सोलून आतला दाणा काढणे हे इतिहासकाराचे काम. पण दाणा कोणता हे ठरवायचे कुणी? ‘देवाचे राज्य’ ही कल्पना घेऊ. जगाचा शेवट जवळ आला आहे आणि देव स्वतः राज्य स्थापणार आहे, ही येशूच्या काळातल्या यहुद्यांची अपेक्षा होती. हार्नाक ती फोलपटात टाकतात आणि माणसाच्या अंतरात उगवणारे राज्य दाण्यात धरतात. पण योहानेस वाइस यांनी १८९२ मध्येच दाखवले होते की येशूच्या तोंडी ही येणाऱ्या राज्याची भाषा वरवरची नाही. त्याच्या बोलण्याचा कणा तीच आहे. १९०६ मध्ये आल्बर्ट श्वाइत्झर यांनी तो मुद्दा आणखी पुढे नेला. या ठिकाणी हार्नाक यांचे वाचन त्यांच्या मनाच्या कलाने झाले, हे मान्य केले पाहिजे.

फ्रान्समधले कॅथलिक विद्वान आल्फ्रेड ल्वाझी यांनी १९०२ मध्ये उत्तर दिले. बी रुजून झाड झाल्यावर झाडाला दोष देऊन बी परत मागणे व्यर्थ आहे. ख्रिस्ती धर्म त्याच्या संपूर्ण वाढीत आहे, असे त्यांचे म्हणणे. गंमत नव्हे, शोकांतिका अशी की हार्नाकच्या विरोधात धर्मसभेची बाजू मांडणाऱ्या ल्वाझींना त्यांच्याच धर्मसभेने १९०८ मध्ये बहिष्कृत केले. इंग्लंडमध्ये जॉर्ज टिरेल यांनी तर म्हटले की हार्नाक यांनी एकोणीस शतकांच्या खोल विहिरीत डोकावून पाहिले आणि तळाशी त्यांना दिसला तो एका उदारमतवादी प्रोटेस्टंटाचा चेहरा. ज्यू धर्मगुरू लिओ बेक यांचा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. येशूचे वेगळेपण उठून दिसावे म्हणून हार्नाक यांनी परुशी या तत्कालीन यहुदी पंथाचे चित्र काळे रंगवले. रब्बींच्या वाङ्मयाचा अभ्यास त्यामागे नव्हता. १९०५ मध्ये बेक यांनी ‘यहुदी धर्माचे सार’ हे पुस्तक लिहिले. शीर्षकातच उत्तर होते, आणि ते उत्तर योग्य होते.

एका पुस्तकाने असे तीन मोठे प्रतिवाद जन्माला घातले, कारण ते पुस्तक उघडे होते. आपली निवड झाकून ठेवणाऱ्याचा प्रतिवाद करता येत नाही. हार्नाक यांनी आपला दाणा सर्वांपुढे ठेवला, म्हणून इतरांना तो तपासता आला.

हीच वृत्ती त्यांच्या बाकीच्या कामांत दिसते. १८९१ मध्ये प्रशियन अकादमीत, इतिहासकार थिओडोर मोमसेन यांच्या साथीने, त्यांनी पहिल्या तीन शतकांतल्या ग्रीक ख्रिस्ती लेखकांच्या चिकित्सक आवृत्त्यांचा प्रकल्प उभा केला. १९०२ मध्ये ख्रिस्ती धर्माच्या प्रसारावर ग्रंथ लिहिला. गावोगावच्या मंडळ्यांचे पुरावे गोळा करून धर्माचा भूगोल मांडण्याचे ते काम आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. १९०५ ते १९२१ ते बर्लिनच्या रॉयल लायब्ररीचे महासंचालक होते. १९०९ मध्ये त्यांनी सम्राटाला निवेदन दिले : विज्ञान संशोधनात जर्मनी मागे पडत आहे, विद्यापीठांच्या बाहेर स्वतंत्र संशोधन संस्था हव्यात. त्यातून १९११ मध्ये कैसर विल्हेल्म गेझेलशाफ्ट ही संस्था जन्मली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले हार्नाक, एक धर्मेतिहासकार. आधी माणूस शोधा, मग त्याच्याभोवती संस्था बांधा, हे तत्त्व आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच संस्थेची वारस म्हणजे आजची माक्स प्लांक सोसायटी. मुलींच्या उच्च शिक्षणासाठीही ते झटले; प्रशियाची विद्यापीठे स्त्रियांना खुली झाली तेव्हा १९०८ मध्ये त्यांची मुलगी आग्नेस बर्लिन विद्यापीठात दाखल झाली. वडिलांचे चरित्र पुढे तिनेच लिहिले.

पण त्यांच्या आयुष्यात काळे पानही आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये सम्राटाने जर्मन जनतेला उद्देशून जे आवाहन काढले त्याचा मसुदा हार्नाक यांनी केला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ९३ विद्वानांनी युद्धाचे समर्थन करणारे पत्रक काढले, त्यावरही त्यांची सही होती. त्यांचा जुना विद्यार्थी कार्ल बार्थ याला आपल्या गुरुजनांच्या या भूमिकेने हादरवून टाकले. शुभवर्तमान संस्कृतीशी इतके एकजीव केले की संस्कृती युद्धावर निघाली तेव्हा तिला अडवायला कुणी उरले नाही, असे त्याला दिसले. १९२३ मध्ये हार्नाक यांनी शास्त्रशुद्ध धर्मशास्त्राला तुच्छ लेखणाऱ्यांना पंधरा प्रश्न विचारले आणि बार्थने त्यांना पंधरा उत्तरे दिली. दोघांनाही एकमेकांचे पटले नाही. माझ्या मते बार्थचा घाव वर्मी लागला, पण हार्नाक यांचा प्रश्नही जिवंत राहिला : चिकित्सा सोडली, तर श्रद्धा आणि भ्रम यांत फरक करायचा कसा?

१९२१ मध्ये ते पुन्हा मार्सियनकडे वळले आणि त्याच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. जुना करार पवित्र शास्त्रात ठेवण्याची गरज प्रोटेस्टंटांना आता उरलेली नाही, हे त्यातले मत वाचताना बेक यांचा आक्षेप पुन्हा आठवतो. फोलपट सोलण्याच्या नादात मुळालाच हात लागतो तो इथे. पुढच्या दशकात जर्मनीत काय घडले हे माहीत असलेल्या वाचकाला हे पान स्वस्थपणे वाचता येत नाही, आणि येऊही नये.

तरी हार्नाक हे युद्धाआधीच्या जर्मनीत अडकून पडले नाहीत. पराभवानंतर सम्राटाच्या विश्वासातल्या या माणसाने वायमार प्रजासत्ताक मनापासून स्वीकारले. १० जून १९३० रोजी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले. बर्लिनमधल्या शोकसभेत माजी विद्यार्थ्यांच्या वतीने बोलला तो चोवीस वर्षांचा डीट्रिख बोनहोफर. तो बार्थच्या विचारांकडे झुकलेला होता, तरी गुरूकडून मिळालेली सत्याची चाड त्याने मान्य केली. हिटलरच्या राजवटीने एप्रिल १९४५ मध्ये बोनहोफरला फासावर चढवले. त्याच्या महिनाभर आधी हार्नाक यांचा मुलगा एर्न्स्ट याला आणि डिसेंबर १९४२ मध्ये पुतण्या आर्विड याला त्याच राजवटीने ठार मारले होते. एखाद्या विचाराची किंमत त्याच्या वारसांवरून ठरवू नये हे खरे. पण हार्नाक यांच्या घरात आणि वर्गात माणसाच्या अपार मोलाविषयी जे बोलले गेले ते पोकळ नव्हते, एवढे म्हणता येते.

‘ख्रिस्ती धर्माचे सार’ वाचायचे तर पहिली आठ व्याख्याने सावकाश वाचावीत, मग ल्वाझी आणि बेक वाचावेत, आणि मग पुन्हा हार्नाककडे यावे. दुसऱ्या वाचनात त्यांच्या चुका स्पष्ट दिसतात आणि त्यांच्याविषयीचा आदर कमी होत नाही. कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही परंपरेच्या माणसाला कधी ना कधी ठरवावे लागते की आपल्याला मिळालेल्या वारशातले काय जपायचे आणि काय सोडायचे. बहुतेक जण ते नकळत ठरवतात. हार्नाक यांनी ते जाणीवपूर्वक, पुराव्यानिशी आणि चारचौघांत ठरवले. निवड चुकली तरी ती दुरुस्त करण्याची वाट त्याच पद्धतीत होती, आणि त्यांच्या विरोधकांनी नेमकी तीच वाट धरली.